रत्नागिरीच्या अभ्यासकांचे स्वागत : स्त्री-अभ्यासाची प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. त्या वर्षी महाराष्ट्राचे प्रमाण ९२९ होते, आणि राज्यातला दुसरा कोणताही जिल्हा रत्नागिरीच्या पुढे नव्हता. सभा-समारंभांत असा आकडा कौतुकाने सांगितला जातो : कोकणात बाईला मान आहे, त्याचा हा पुरावा. स्त्री-अभ्यासाच्या वर्गात तो फळ्यावर लिहिला की निघणारा प्रश्न वेगळा असतो. इथले पुरुष कुठे गेले?

ते मुंबईला गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासून गिरणगावात रत्नागिरीकरांचा मोठा भरणा होता. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचा. एरवी त्याची मनीऑर्डर यायची. मागे राहिलेल्या बाईने तरवा काढला, लावणी केली, वरकस जमिनीत नाचणी घेतली, भाजावळीसाठी कवळ तोडून आणली, गुरे राखली, सासूसासऱ्यांची दुखणी काढली आणि मुलांना शाळेत घातले. सातबाऱ्यावर मात्र बहुधा नाव राहिले ते मुंबईतल्या नवऱ्याचे, नाहीतर दिराचे. त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात जिल्ह्यात मुलांपेक्षा मुली कमी आहेत, हे वाचले की पहिल्या आकड्याचा अर्थ पुरता बदलतो. त्यात मान किती आहे हे ठरवायला आणखी पुरावा लागेल. पुरुषांची गैरहजेरी आणि बायकांचे कष्ट मात्र त्यातून स्वच्छ दिसतात.

एक आकडा असा उलगडून वाचता येणे ही या ज्ञानशाखेची पहिली शिकवण आहे. तुम्ही एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असाल, पीएच.डी.साठी विषय शोधत असाल, किंवा घरातल्या मुलीने हा कुठला विषय घेतला म्हणून हे पान उघडले असेल. तुम्हा सर्वांचे स्वागत आहे. मला सांगायचे आहे ते थोडक्यात असे. स्त्री-अभ्यास घ्यायचा तर रत्नागिरीची मुलगी बहुधा मुंबई किंवा पुणे गाठते, आणि आपण ज्ञानाच्या कडेवरून मध्याकडे चाललो आहोत असे तिला वाटते. ती समजूत या विषयापुरती तरी खरी नाही. या विषयाची सामग्री, त्याचे अवघड प्रश्न आणि त्यातल्या काही फार मोठ्या लेखिका या जिल्ह्याने दिल्या आहेत. इथली विद्यार्थिनी वर्गात येते ती पुरावा बरोबर घेऊनच येते.

भारतात हा विषय विद्यापीठात शिरला तोही अशाच एका आकड्याच्या बळावर. १९७१ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष होत्या, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. १९७४ च्या अखेरीस समितीचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल आला. १९०१ मध्ये देशात हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ मध्ये ९३० वर आल्या होत्या, हे त्याने समोर ठेवले. राज्यघटनेने समान हक्क दिले होते, मुलींच्या शाळा वाढल्या होत्या, आणि तरी बायकांचे प्रमाण घटत गेले होते. सुशिक्षित समाज ज्या प्रगतीवर निर्धास्त होता तिची फेरतपासणी करणे भाग पडले.

१९७४ मध्येच मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू केले. देशातले ते पहिले. १९८१ मध्ये याच विद्यापीठात पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि १९८२ मध्ये स्त्री-अभ्यासकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने या विषयाला मान्यता दिली, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने ठिकठिकाणी केंद्रे निघाली, आणि १९८७ मध्ये पुणे विद्यापीठातले केंद्र सुरू झाले. आज ते क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. विद्युत भागवत आणि शर्मिला रेगे यांनी तिथे विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या.

हा अभ्यास रस्त्यावरच्या चळवळीपासून कधी तुटला नाही, हेही सुरुवातीलाच सांगायला हवे. विदर्भातल्या एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराचा खटला ‘मथुरा प्रकरण’ म्हणून देशाला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रातला युक्तिवाद मोर्च्यांच्या घोषणांत उतरला आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत म्हणजे संमती होती, असे मानणे चूक आहे, हा विचार आज कोणालाही साधा वाटेल. तो आधी कोणीतरी अभ्यासून, शब्दांत बांधून मांडावा लागला होता.

आता रत्नागिरीकडे येऊ. ज्या विद्यापीठात हा विषय जन्मला ते १९१६ मध्ये स्थापन करणारे धोंडो केशव कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. त्यांचे चरित्र शाळेत सगळ्यांनी वाचलेले असते. स्त्री-अभ्यास शिकणाऱ्याने त्यांच्याइतकेच लक्ष देवरुखच्या दोन बहिणींकडे द्यावे. थोरली गोदूबाई जोशी, बालपणीच विधवा झालेली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये काढलेल्या शारदासदनातल्या विद्यार्थिनींमधली ती पहिली विधवा. १८९३ मध्ये तिने कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांनी त्या जोडप्यावर बहिष्कार टाकला. हीच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. धाकटी पार्वतीबाई आठवले. विशीत वैधव्य आले, पदरात मुलगा होता. तिने पुनर्विवाह केला नाही. मोठेपणी शिकली, कर्व्यांच्या विधवाश्रमाच्या कामात पडली, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरली आणि १९१८ मध्ये अमेरिकेला गेली.

दोघींनी आत्मचरित्रे लिहिली. पार्वतीबाईंचे ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये आले, आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये. एकाच घरातल्या, एकाच आपत्तीला सामोऱ्या गेलेल्या दोन बायकांनी दोन वेगळे मार्ग घेतले आणि दोघींनीही आपल्या निर्णयाचा हिशेब स्वतः लिहून ठेवला. संशोधकाला यापेक्षा मोलाचा ऐवज क्वचित मिळतो. सुधारणेचा इतिहास पुष्कळदा सुधारकाच्या नजरेने लिहिला जातो. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली की जिच्यासाठी सुधारणा झाली असे आपण म्हणतो, तिच्या नजरेने तो इतिहास दिसू लागतो. संसार कोणी चालवला, पैसे कसे पुरवले, बहिष्कार प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला आला, हे प्रश्न त्यातून उभे राहतात. ते शिळेही झालेले नाहीत. विधवेचे कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत असा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला मे २०२२ मध्ये करावा लागला.

या परंपरेचा अभिमान बाळगणे सोपे आहे, पण अभ्यास तिथे थांबत नाही. विधवाश्रमात सुरुवातीच्या काळात आलेल्या बहुतेक मुली ब्राह्मण होत्या. ज्या जातींत पुनर्विवाह पूर्वीपासून रूढ होता, ज्या घरांत बाई रोज दुसऱ्याच्या शेतावर राबत होती, तिचा प्रश्न या सुधारणेने विचारलाच नव्हता. तो विचारणारा आवाजही रत्नागिरीतूनच आला.

उर्मिला पवार यांचा जन्म १९४५ चा, रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावचा. आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणून घर चालवायची. त्या कामावरूनच २००३ मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राला ‘आयदान’ हे नाव मिळाले. ते आज देशातल्या आणि परदेशातल्या स्त्री-अभ्यासाच्या वर्गांत माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचले जाते. पवारबाई सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत होत्या. मराठी साहित्यात त्यांनी एम.ए. केले, कथा लिहिल्या, आणि मीनाक्षी मून यांच्याबरोबर आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा शोध घेतला. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे त्या शोधाचे पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. असे प्रसंग आणि त्यांत वावरलेल्या बायका पवार आणि मून यांनी मुलाखती घेऊन, जुनी नियतकालिके धुंडाळून पुन्हा प्रकाशात आणल्या.

संशोधन कसे करावे हे शिकवताना मी हेच पुस्तक पहिल्यांदा हातात देते. विद्यापीठाच्या चौकटीबाहेर राहून, संसार सांभाळून झालेले हे काम आहे. ज्यांच्याविषयी कोणी काही लिहिले नव्हते त्यांना जिवंतपणी गाठणे, त्यांचे बोलणे त्यांच्या शब्दांत उतरवणे आणि ते कागदपत्रांशी ताडून पाहणे, एवढी पद्धत त्यात पुरेपूर आहे. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीच्या वेगळ्या आवाजावर महत्त्वाचा निबंध लिहिला आणि २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचे पुस्तक सिद्ध केले. त्यामुळे स्वकथन हा केवळ साहित्यप्रकार न राहता समाजशास्त्राचा पुरावा ठरला. जात आणि पितृसत्ता वेगवेगळ्या करून अभ्यासता येत नाहीत, हे महाराष्ट्रातल्या स्त्री-अभ्यासाचे देशाला मोठे देणे आहे. त्याच्या मुळाशी १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त निबंध लिहिणारी मुक्ता साळवे आहे, १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आहेत, आणि फणसवळ्याची एक लेखिकाही आहे.

मुलांनाही हा विषय परका नाही, हे मुद्दाम लिहिते. रघुनाथ धोंडो कर्वे १८८२ मध्ये मुरूडलाच जन्मले. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. पुरुषपण कसे घडते, घरापासून लांब एका खोलीत दहाजणांबरोबर राहणाऱ्या चाकरमान्याच्या आयुष्यात त्याचे काय होते, हाही स्त्री-अभ्यासाचाच प्रश्न आहे.

या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणारीचे दिवस कसे जातात? वाचन पुष्कळ असते आणि त्यातले बरेच इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिले सत्र जड जाते. अशा वेळी दोन-तीन जणींनी मिळून एक निबंध वाचावा, प्रत्येक परिच्छेद मराठीत सांगून पाहावा आणि आपल्या गावातले उदाहरण त्याला लावावे. सिद्धान्त पचला की नाही ते तिथे कळते. एस.टी.चा पास, वसतिगृहाची वेळ, सुट्टीत घरी गेल्यावर निघणारा लग्नाचा विषय, लहान भावंडांच्या फीची काळजी, हे सगळे अभ्यासाच्या बरोबरीने चालते. या अडचणी अभ्यासाबाहेरच्या समजू नका. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि पुरुष ९७. आपल्या वाचनाचा वेळ कोणत्या कामात जातो याची आठवडाभर नोंद ठेवली, तर हे सर्वेक्षण तुमच्याच वहीतून बोलू लागेल.

क्षेत्रकार्याला निघताना कोकणापुरत्या काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लावणीच्या दिवसांत मुलाखत मागू नये. गेलातच तर तरवा हातात घेऊन चिखलात उतरावे. मासळीच्या व्यवहारातल्या बायकांशी निवांत बोलायचे तर जून आणि जुलै बरे, कारण यांत्रिकी मासेमारी तेव्हा बंद असते. गणपतीत सगळे घर भरलेले असते, त्यामुळे बाई एकटी सापडत नाही. पण सासू, सून, नणंद आणि मुंबईची जाऊ एकत्र बसलेल्या असतात, आणि त्यांच्या गप्पांत एकटीच्या मुलाखतीत न निघणाऱ्या गोष्टी निघतात. ओळख लपवण्याचा प्रश्न इथे फार नाजूक आहे. नाव बदलले तरी ‘खालची वाडी, नवरा गोदीत, दोन मुली’ एवढ्यावरून भावकीतला कोणीही बाई ओळखतो. म्हणून लिहिलेले आधी तिला वाचून दाखवावे आणि ती नको म्हणेल ते गाळावे. प्रबंधातले एखादे प्रकरण गेले तरी चालेल, तिचे घर मोडता कामा नये.

विषय शोधायला लांब जावे लागत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या लिलावात बोली कोण लावते, उधारी कोणाच्या नावावर असते आणि मोठे व्यापारी आल्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणारीचे काय झाले? काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने बोटे भाजतात, त्या बोटांना कोणता कायदा लागू होतो? आखातात गेलेल्या पुरुषांच्या मागे राहिलेल्या कोकणी मुस्लिम बायकांचा अनुभव गिरणगावच्या काळातल्या हिंदू शेतकरणीच्या अनुभवाशी कुठे जुळतो, कुठे वेगळा होतो? महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला; तुमच्या गावच्या सातबाऱ्यांवर त्यानंतर किती मुलींची नावे चढली आणि किती जणींनी हक्कसोडपत्रावर सही केली? गुहागरच्या एन्रॉन वीजप्रकल्पाविरुद्ध १९९७ मध्ये वेलदूरच्या बायका पुढे झाल्या, त्यांनी पोलिसांचा मार खाल्ला, आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांनी त्याची दखल घेतली. त्या बायकांनी नंतरच्या आयुष्यात या लढ्याचा अर्थ काय लावला? ब्रह्मदेशाचा पदच्युत थिबा राजा १९१६ मध्ये रत्नागिरीत स्थानबद्धतेत वारला. त्याच्या मुलींच्या स्थानबद्ध तारुण्याकडे राजघराण्याची करुण कथा म्हणून पाहण्यापलीकडे कोणी पाहील का? गिरणगावात खाणावळी चालवून शेकडो चाकरमान्यांना जेवू घालणाऱ्या बायका १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित झाल्या. त्यांच्या गावाकडच्या बहिणींचा इतिहास कोणी लिहायचा?

यश म्हणजे काय, असेही विद्यार्थी विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. नेट परीक्षेत स्त्री-अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. ती उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात शिकवता येते. समुपदेशन केंद्रे, बचत गटांचे काम, पत्रकारिता, वकिली, ग्रामविकासाच्या संस्था या ठिकाणी या पदवीचा उपयोग होतो. मात्र केंद्रांचे अनुदान पुढे चालू राहील की नाही याची टांगती तलवार वेळोवेळी आलेली आहे आणि कायम नेमणुका थोड्या आहेत, हे लपवून कोणाला या विषयात बोलावणे योग्य होणार नाही. या अडचणीत टिकून केलेले काम म्हणूनच मोठे वाटते. घरातली पहिली पदवीधर मुलगी आपल्या आजीची मुलाखत प्रबंधात संदर्भ म्हणून घेते, तोंडी परीक्षेत त्या संदर्भाची बाजू मांडते, आणि परीक्षक तो पुरावा म्हणून मान्य करतात, तेव्हा आजवर ज्ञान न मानले गेलेले काहीतरी ज्ञानात जमा होते. अशा यशाची नोंद गुणपत्रिकेत होत नाही, पण या शाखेची वाढ त्यानेच झाली आहे.

आमच्यात वाद आहेत, तेही सांगते. बचत गटांनी बाईच्या हातात पैसा आणला की तिच्या कामात हप्त्याची भर घातली? या विषयाने स्त्रीवर केंद्रित राहावे की लिंगभावाच्या व्यापक अभ्यासात, समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या प्रश्नांसह, पसरावे? शहरी, उच्चवर्णीय अभ्यासिकांनी दलित आणि आदिवासी स्त्रियांविषयी कोणत्या अधिकाराने लिहावे? यांची तयार उत्तरे माझ्याकडे नाहीत. तुम्ही आमचे म्हणणे पुराव्यानिशी खोडून काढलेत तर या विषयाचा फायदाच आहे. ‘आम्हीही इतिहास घडवला’ने आधीच्या इतिहासलेखनाचे हेच केले.

शेवटी एक आग्रह. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक. प्रबंध पूर्ण झाला की त्याची एक प्रत विद्यापीठाला द्या, एक जिच्याशी बोललात तिला द्या, आणि एक जिल्ह्यातल्या ग्रंथालयाला द्या. सोबत पाच-सहा पानांचा सोपा मराठी गोषवारा जोडा. पहिला प्रबंध अपुरा असतो, तसा तुमचाही असेल. त्यातला एखादा तक्ता, एखादी मुलाखत, एखादे चुकलेले अनुमानसुद्धा मागून येणाऱ्या विद्यार्थिनीला उपयोगी पडेल. तिला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. या जिल्ह्यात हे काम करणाऱ्यांची गरज फार मोठी आहे आणि जागा पुष्कळ रिकाम्या आहेत. तुम्ही यावे, ही मनापासूनची विनंती.